टिपर मागे घेताना पाय गेला: भरपाई नेमकी कोणाकडून मागायची?

वाळवंटीकाठ
८ फेब्रुवारी २०२६

माझे थोरले बंधू (वय ४०) डिचोली तालुक्यातील एका रस्त्याच्या कामावर अकरा महिने हेल्पर म्हणून कामाला होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भरावावर माती ओतण्यासाठी दहाचाकी टिपर मागे येत होता आणि दादा शिट्टी वाजवून त्याला दिशा दाखवत होते. परतीचा पाऊस नुकताच पडून गेल्यामुळे लाल माती लोण्यासारखी झाली होती. त्यांचा गमबूट रुतला, पाय वेळेत निघाला नाही आणि मागचे चाक उजव्या पावलावरून गेले. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) नेल्यावर परिचारिकेने तो गमबूट कात्रीने कापून काढला. पाचव्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

अडचण अशी आहे की, दादा नेमके कोणाचे कामगार, हेच कोणी मान्य करीत नाही. रस्त्याचे काम एका मोठ्या कंत्राटदाराकडे आहे. त्याने भरावाचे काम दुसऱ्याला दिले आहे, त्या दुसऱ्याने मजूर पुरवण्यासाठी एक मुकादम नेमला आहे आणि टिपर तर चौथ्याच माणसाचा असून तो खेपेच्या हिशेबाने लावलेला होता. दादांना रोजचे ६५० रुपये मुकादमाकडून रोख मिळत आणि महिन्याचे साधारण २६ दिवस भरत. कंत्राटदाराचा इंजिनिअर म्हणतो, “तो आमच्या मस्टरवर नाही.” मुकादम म्हणतो, “गाडी माझी नाही.” गाडीमालक म्हणतो, “माणूस माझा नाही.”

मागच्या आठवड्यात मुकादम घरी येऊन दीड लाख रुपये आणि एक स्टँप पेपर ठेवून गेला. त्यावर “सदर अपघात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला असून यापुढे कोणाविरुद्धही कसलाही दावा करणार नाही” असा मजकूर टाइप केलेला आहे. वहिनींनी पैसे आणि कागद तसेच देवघरातल्या फडताळात ठेवले आहेत, सही केलेली नाही. दादा स्वतःच म्हणतात, “पाय मीच वेळेत मागे घ्यायला हवा होता.” ही चूक त्यांची धरली जाईल का, दीड लाख घेऊन प्रकरण मिटवावे का आणि न मिटवल्यास दाद कोठे मागावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आणखी एक गोष्ट. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी मी गाडी पाहिली तेव्हा रिव्हर्स हॉर्नची वायर कापून तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तिचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, पण त्याचा काही उपयोग आहे की नाही, ते कळत नाही.


पाटो_पणजी
८ फेब्रुवारी २०२६

प्रथम सर्वांत महत्त्वाचे: त्या कागदावर सही करू नका. कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ याच्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. मात्र “चूक माझीच” हे वाक्य एकदा सहीनिशी लिहून दिले, की पुढे दुसऱ्या कोणत्याही न्यायालयात ते आपल्याच अंगावर येते. पैसेही खर्च करू नका. घ्यायचेच असतील, तर “भरपाईपोटी आगाऊ” अशी पोच देऊन घ्या. पुढे मिळणाऱ्या भरपाईतून तेवढी रक्कम वजा होईल, पण दार बंद होणार नाही.

आता चुकीविषयी. १९२३ च्या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि कामगाराचा साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव ठरत नाही. अपघात नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे झाला, एवढे पुरे असते. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी दिलेली स्पष्ट आज्ञा त्याने जाणूनबुजून मोडणे किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकणे, या तीनच कारणांनी मालक सुटू शकतो. मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल, तर या कारणांचाही आधार मालकाला घेता येत नाही. चिखलात रुतलेला पाय वेळेत न निघणे यांपैकी कशातच बसत नाही. तेवढा गोमेकॉचा पहिला केसपेपर मात्र पाहून घ्या. त्यावर मद्यपानाविषयी काही लिहिले आहे की नाही, हे समोरची बाजू सर्वांत आधी शोधते.

“तो आमच्या मस्टरवर नाही” हे उत्तर प्रत्येक कामावर ठरलेले असते, त्याने घाबरून जाऊ नये. कलम १२ याचसाठी आहे. एखाद्याने आपल्या धंद्याचेच काम दुसऱ्याला कंत्राटाने दिले आणि त्याच्या ताब्यातील जागेवर अपघात झाला, तर वरचा मुख्य कंत्राटदार जणू स्वतःच मालक असल्याप्रमाणे भरपाईला बांधील असतो. नंतर खालच्याकडून वसूल करायचे की नाही, हा त्यांचा आपसातला प्रश्न. म्हणून अर्जात मुकादम, उपकंत्राटदार आणि मुख्य कंत्राटदार या तिघांनाही सामील करा.

किती मिळेल, हे विचारलेले नाही, पण दीड लाखाची किंमत कळावी म्हणून हिशेब मांडतो. दिवसाला ६५० आणि २६ दिवस म्हणजे महिन्याला १६,९०० रुपये होतात. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेमुळे मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० धरले जाते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वयाच्या ४० व्या वर्षाचा गुणक १८४.१७ आहे. पूर्ण कायमच्या अपंगत्वाची भरपाई अशा रीतीने १६,५७,५३० रुपये होते. गुडघ्याखाली पाय काढला आणि उरलेला खुंट साधारण ९ सेंटीमीटरपेक्षा लांब असला, तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची हानी ५० टक्के धरली आहे. म्हणजे किमान ८,२८,७६५ रुपये. खुंट त्याहून आखूड असेल तर टक्केवारी वाढते, तेव्हा खुंटाची लांबी डॉक्टरांकडून सेंटीमीटरमध्ये लिहून घ्या. एवढ्याशा नोंदीवाचून मी प्रकरणे अडलेली पाहिली आहेत.

आणि ५० टक्के ही शेवटची मर्यादा मानू नका. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्णपणे गेली असेच धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरावावर दिवसभर उभे राहणारा माणूस कृत्रिम पायावर तेच काम करू शकेल का, हा तुमच्या बंधूंच्या बाबतीतला खरा प्रश्न आहे.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो. काम बंद असलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे तुमच्या हिशेबाने ३,७५० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही, तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लागते आणि विलंबाला योग्य कारण नसेल, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

अपघात २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचा आहे. त्या दिवसापासून सामाजिक सुरक्षा संहितेसह चारही कामगार संहिता लागू झाल्या असल्या, तरी तुमचा हक्क अपघाताच्या दिवशीच्या कायद्याने ठरतो. पणजीत पाटोवरील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, तेथून सुरुवात करा. मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. तरीही लवकर जा, कारण साक्षीदार परप्रांतीय मजूर असतात आणि काम संपले की ते गावी निघून जातात.

एक गोष्ट आधी तपासा. बंधूंच्या नावे ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक होता का? बांधकामाच्या जागेवरील कामगारांना १ ऑगस्ट २०१५ पासून ती योजना लागू झाली आहे. नोंद असेल, तर १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही, लाभ महामंडळाकडून घ्यावे लागतात.


सरळबोल्या
९ फेब्रुवारी २०२६

वरील माहिती कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, परंतु व्यवहार वेगळा असतो. आठ लाखांसाठी तीन वर्षे खेटे घालायचे, वकिलाची फी द्यायची आणि तोवर घर कसे चालवायचे? मुकादमही आपल्यातलाच माणूस असतो, त्याच्याकडेही लाखांनी पैसा नसतो. दीडचे तीन करून घ्यावे आणि मिटवावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.


निळे_हेल्मेट
९ फेब्रुवारी २०२६

सरळबोल्या यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण घरात चूल पेटवायची असते. पण देणारा मुकादम नाही, त्याच्या आड उभे असलेले आहेत, हे लक्षात घ्या. मी सव्वीस वर्षे बांधकामांवर सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले, त्यातील बरीचशी गोव्यात. म्हणून कायद्यापेक्षा अपघाताविषयी लिहितो.

दादांना सांगा, पाय त्यांनी मागे घ्यायला हवा होता हे खरे नाही. मागे येणाऱ्या टिपरजवळ त्यांना त्या जागी उभे करायलाच नको होते. दहाचाकी टिपरच्या चालकाला हौद्याच्या मागचे काहीही दिसत नाही आणि डाव्या बाजूचे मागचे चाक तर आरशातही धड येत नाही. भरलेल्या गाडीचे वजन २५ टनांच्या पुढे असते. ती तासाला चार-पाच किलोमीटरने मागे येत असली, तरी चालकाला ओरडा ऐकू जाऊन ब्रेक लागेपर्यंत चाक माणसाच्या अंगावरून गेलेले असते. म्हणून दिशा दाखवणाऱ्याने गाडीच्या मागे किंवा चाकाच्या रेषेत कधीही उभे राहायचे नसते. त्याने चालकाच्या बाजूने, आरशात पूर्ण दिसेल अशा जागी आणि गाडीपासून अंतर राखून उभे राहायचे. तो आरशातून दिसेनासा झाला, की चालकाने विचार न करता गाडी थांबवायची. भरावाच्या कडेला मातीचा किंवा लाकडी ओंडक्याचा अडसर घालायचा, म्हणजे चाक किती मागे आले हे सांगायला माणूस लागतच नाही. हा अडसर घालायला जेसीबीला दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे बहुतेक ठिकाणी कोणी देत नाही.

का देत नाही, याचे उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: गाडी खेपेच्या हिशेबाने लावलेली होती. खाणी जोरात चालू होत्या, तेव्हापासून आपल्याकडे टिपरचा सगळा जीव खेपांत अडकलेला आहे. तिथली घाई नंतर रस्त्यांच्या कामांवर आली. चालकाला दिवसाच्या खेपा भरायच्या असतात, मालकाला हप्ता भरायचा असतो, भरावावरचा सुपरवायझर अंधार पडण्याआधी आणखी दोन गाड्या ओतून घेतो. संध्याकाळी साडेसहा, ऑक्टोबर महिना, ओली माती. त्या वेळी काम थांबवायला हवे होते आणि थांबवण्याचा अधिकार हेल्परला नसतो.

रिव्हर्स हॉर्नविषयी. अनेक यंत्रे एकाच वेळी पिपाण्या वाजवू लागली, की माणसांचे कान त्यांना सरावतात, हे खरे आहे. रात्री शेजारच्या घरांतून तक्रारी येतात, म्हणून चालक वायर कापतात, हेही मी पाहिले आहे. पण कापलेली वायर म्हणजे गाडी कामावर सोडताना कोणीही तपासली नव्हती, याचा धडधडीत पुरावा. तो फोटो पुसू नका, कोणाला मोबाइलवर पुढे पाठवून मूळ फाइल गमावू नका आणि गाडीचा क्रमांक दिसणारा दुसरा फोटो असेल, तर दोन्ही एकत्र ठेवा. कामावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे यंत्रतपासणीची वही असते. त्या तारखेचे पान मागवून घेण्यास वकिलांना सांगा. पान नसले, तरी ते नसणेसुद्धा बोलते.

आणखी एक विचारतो: पोलिसांनी पंचनामा केला का? गोमेकॉतून वैद्यकीय-कायदेशीर नोंद पोलिसांकडे गेलेली असणारच.


साखळीचे_माहेर
९ फेब्रुवारी २०२६

माझे वडील काही वर्षांपूर्वी रोलरखाली सापडून गेले. त्या वेळी मालकाच्या माणसाने दिवसकार्याच्याच दिवशी आईच्या हातात रोख रक्कम दिली आणि आम्ही ती भरपाई समजून बसलो. पुढे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितले, की मृत्यू झाला असेल तर भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते, थेट हातात दिलेले पैसे कायद्याने भरपाई म्हणून धरले जात नाहीत. दोन वर्षे व्हायला अवघे काही आठवडे उरले असताना आम्ही अर्ज केला. पैसे मिळाले, पण आईला चार वेळा जबानी द्यावी लागली. दर वेळी तिला “तुमचे यजमान दारू प्यायचे का” हेच विचारले जायचे. आपल्या वहिनींना याची आधीच कल्पना देऊन ठेवा, म्हणजे त्या डगमगणार नाहीत.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला हाताशी हवा, म्हणून तो आधी काढा. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या (मासिक अर्थसाहाय्याच्या) अर्जालाही तोच लागतो.


वाळवंटीकाठ
१० फेब्रुवारी २०२६

सर्वांचे मनापासून आभार. दादांना निळे_हेल्मेट यांचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला सांगितले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

काही गोष्टी कळवतो. ईएसआयची नोंद नाही. पोलिसांनी पंचनामा केला होता, त्याची प्रत आज मिळाली. त्यात जागा “भरावाच्या कडेला, चालू रस्त्यापासून १५ मीटर” अशी लिहिलेली आहे आणि चालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा नोंद आहे. हॉर्नच्या वायरीचा मात्र त्यात उल्लेख नाही. ठाण्यातील एका हवालदारांनी सुचवले, की टिपरचा विमा असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जा, तिथे जास्त मिळते. यात तथ्य आहे का? दोन्हीकडे अर्ज करता येतो का?


पाटो_पणजी
१० फेब्रुवारी २०२६

तथ्य आहे, पण दोन्हीकडे जाता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १६७ सांगते, की दोन्ही कायद्यांखाली दावा होत असेल तर एकच निवडावा लागतो. निवड विचारपूर्वक करा, कारण एकदा एका वाटेने निघाल्यावर मागे फिरता येत नाही.

न्यायाधिकरणात १५,००० ची मर्यादा नाही. १६,९०० हे वेतन सिद्ध झाले, तर वर्षाचे २,०२,८०० होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणे ४० वयापर्यंत १५ चा गुणक आणि अपंगत्व कामाच्या दृष्टीने ५० टक्के धरले, तर १५,२१,००० रुपये होतात. भावी उत्पन्नवाढ, कृत्रिम पाय आणि तो दर काही वर्षांनी बदलण्याचा खर्च, वेदना हे सगळे त्याशिवाय. म्हणजे रक्कम जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून अधिक.

मात्र तिथे चालकाची चूक सिद्ध करावी लागते, आणि नेमका इथेच तुमचा वायरीचा फोटो उपयोगी पडेल. तुमच्या बंधूंचीही काही चूक होती असे ठरले, तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. विमा कंपनी दोन आक्षेप घेईल. पहिला, बांधकामाची जागा सार्वजनिक नव्हती. जनतेला जाण्यायेण्याचा हक्क असलेली जागा, अशी कायद्यातील व्याख्या आहे. चालू रस्त्यापासून १५ मीटरवर, कुंपण नसलेला भराव असेल तर बाजू बळकट आहे. पत्रे लावून बंद केलेले आवार असेल तर कमकुवत. तिथे कुंपण होते का, हे आठवून त्याचेही फोटो आजच काढा. दुसरा आक्षेप चालकाच्या परवान्याचा असेल. टिपर हे मोटार वाहनच आहे, त्यावर वाद होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली रोड रोलर आणि एक्स्कॅव्हेटरसुद्धा मोटार वाहनेच आहेत, असे म्हटले आहे.

आणि मुदत! तिथे दोन वर्षे नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे एप्रिलच्या मध्यापर्यंतचाच वेळ आहे. माझ्या मते, कुंपण नव्हते आणि टिपरचा विमा त्या तारखेला चालू होता, तर न्यायाधिकरण. यांपैकी एकही गोष्ट डळमळीत असेल, तर श्रमशक्ती भवन: तिथली रक्कम कमी, पण वाट सरळ. दोन्हींचे कागद घेऊन विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलांसमोर बसा आणि या महिन्यातच ठरवा.


निळे_हेल्मेट
१० फेब्रुवारी २०२६

कुंपणाचे फोटो काढायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका आणि टिपर चालू असताना भरावावर चढू नका.


वाळवंटीकाठ
१३ फेब्रुवारी २०२६

काल गावातल्या दोघांना बरोबर घेऊन जागेवर गेलो. कुंपण नाही, फक्त लाल-पांढरी पट्टी बांधलेली होती आणि तीही एका बाजूने तुटून मातीत पडलेली. पलीकडच्या वाड्यावरची माणसे आजही त्याच भरावावरून चालत बसथांब्याला जातात, त्याचा व्हिडिओ घेतला आहे. टिपरचा क्रमांक टाकून पाहिला, तर विमा मे २०२६ पर्यंत चालू दिसतो. दादांचा अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सोमवारचा नंबर लागला आहे. खुंटाची लांबी डिस्चार्ज कार्डवर नव्हती, ती डॉक्टरांनी आज मोजून लिहून दिली: ११ सेंटीमीटर. मुकादमाचे दीड लाख आणि सही न केलेला कागद वहिनींनी दोन पंचांसमक्ष परत केले आणि पैसे परत मिळाल्याची पोच त्याच्याकडून लिहून घेतली.